तंबाखूचें खत : वजन आणि गुण

ज्वारीच्या किंवा गव्हाच्या शेतास खत चांगलें मिळालें कीं धान्य वाढतें आणि शेतकरी संतोष पावतो. तंबाखूची गोष्ट निराळी आहे. येथें विकावयाचें तें पान. आणि त्याचा भाव वजनाप्रमाणेंच रंग, पोत, वास व जळण्याची रीत यांवर ठरतो. म्हणून जें खत पिकाचें वजन वाढवितें, तेंच पुष्कळदां त्याची किंमत घटवितें.

या विसंगतीचें मूळ नत्रांत आहे. नत्रानें पान रुंद, जाड व गडद हिरवें होतें. पण तें पिकावयास उशीर लागतो. शिवाय तंबाखूंतील निकोटीन मुळांत तयार होऊन पानांत चढतें, आणि त्याच्या वजनाच्या १०० भागांत सुमारें १७ भाग नत्र असतें. यामुळें नत्राची मात्रा वाढली कीं पानाचा कडकपणाहि वाढतो.

आंध्र प्रदेशांत व म्हैसूरच्या बाजूस होणारी सिगारेटची तंबाखू भट्टीच्या उष्णतेनें वाळवून पिवळीधमक करावी लागते. नत्र अधिक झालेलें पान भट्टींतून काळपट उतरतें. फारच कमी मिळालेलें पान फिकें, पातळ व निःसत्त्व होतें. पानें पिकूं लागतील त्या सुमारास जमिनींतील नत्र संपत यावें, असा बेत शेतकऱ्यास लागणीपूर्वींच करावा लागतो. वर्षाची मिळकत त्या अंदाजावर अवलंबून असते.

उलट निपाणीच्या आणि गुजरातेंतील चरोतराच्या विडी-तंबाखूस जाड व कडक पानच हवें असतें. म्हणून तेथें नत्र सढळ हातानें देतात. आणि शेंडा खुडून व फुटवे काढून झाडाचें सारें बळ पानांत उतरवितात. एका ठिकाणचा दोष तो दुसऱ्या ठिकाणीं गुण ठरतो.

पालाशाचें कार्य वेगळें आहे. त्यानें पान संथपणें व सारखें जळतें. परंतु पालाश कोणत्या क्षाराच्या रूपानें द्यावयाचें, हें महत्त्वाचें. म्युरिएट ऑफ पोटॅश हें खत स्वस्त खरें, पण त्याच्या वजनांत निम्म्याच्या जवळपास क्लोरीन असतें. तंबाखूचें झाड तें अधाशीपणें शोषून घेतें. मग पान हवेंतील ओल ओढतें आणि पेटविलें तरी विझतें. यासाठीं तंबाखूस सल्फेट ऑफ पोटॅश देतात. खाऱ्या विहिरीचें पाणी पाजल्यासहि हाच अपाय होतो.

स्फुरदानें पीक लवकर तयार होतें. मात्र कांहीं स्फुरद-खतांत कॅडमियम हा विषारी धातु अल्प प्रमाणांत असतो, व तंबाखूच्या पानांत तो सांठत जातो. अतिरिक्त नत्रामुळें पानांत नायट्रेट उरतें. पान वाळतांना व मुरतांना त्यापासून नायट्रोसामाइन नांवाचीं कर्करोगकारक द्रव्यें उत्पन्न होऊं शकतात.

अर्थात् खताच्या योग्य योजनेनें पानास बाजारांत भाव येतो, एवढेंच. व्यापारी ज्याला उत्तम प्रत म्हणतो, तें पानहि शरीरास निर्दोष नसतें, हें घरोघर ध्यानांत असावें.