समुद्रतळीचा दगड काय सांगतो

घरातील पाटा-वरवंटा, आजीचे जाते, दाराशी बसविलेली पायरी आणि ज्या कातळात अजिंठा व कार्ल्याची लेणी कोरली गेली तो कातळ, हे सारे एकाच जातीचे पाषाण. शास्त्रात त्यास बेसॉल्ट म्हणतात. शिलारस निवून झालेला हा काळा दगड आपल्या पायांखाली सर्वत्र आहे. तथापि पृथ्वीवरील बहुतांश बेसॉल्ट महासागरांच्या तळाशी आहे. तेथे पाण्याखाली लांबच लांब पर्वतरांगा पसरल्या आहेत. त्या रांगांवर भूकवचाचे दोन भाग एकमेकांपासून दूर सरकतात, फटीतून शिलारस वर येतो आणि समुद्राचा नवा तळ घडत राहतो. अशाच दगडाची, व तो नीट वाचणाऱ्या एका अभ्यासकाची हकिकत आम्ही येथे सांगत आहोत.

जॅक कॉर्लिस हे अमेरिकेतील सागरी भूरसायनशास्त्रज्ञ. अटलांटिक महासागराच्या मध्यरांगेवरून खरवडून वर आणलेले बेसॉल्टचे नमुने हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. तप्त लाव्हा समुद्राच्या गार पाण्यात आला की त्याची बाहेरची कड क्षणात गोठून काचेसारखी होते. आतला गाभा मात्र सावकाश निवतो. रस एकच, तेव्हा कडेत आणि गाभ्यात मूलद्रव्यांचे प्रमाणही सारखेच असावयास हवे. कॉर्लिस यांनी मोजून पाहिले तो गाभ्यात लोह, मँगनीज, कोबाल्ट आणि आणखी काही मूलद्रव्ये कमी भरली. विशेष असे की, जी कमी भरली तीच खोल समुद्राच्या गाळात एकवटलेली आढळतात. मग ती गाभ्यातून गेली कशी? त्यांचे उत्तर असे की, निवताना दगडास भेगा पडतात, भेगांतून समुद्राचे पाणी आत शिरते, तापते, आपल्यातील क्षारांच्या बळावर धातू विरघळवते आणि ते घेऊन बाहेर पडते. हा निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. तो खरा असेल, तर कोकणात ज्यास उन्हाळे म्हणतात तसे गरम पाण्याचे झरे समुद्रतळीच्या या रांगांवर असलेच पाहिजेत. तोवर त्या रांगांवर असा झरा कोणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

दगडात काय आहे हे पुष्कळजण पाहतात. काय असावयास हवे होते आणि नाही, हे पाहण्यास वेगळी नजर लागते. पण तर्क कितीही सुसंगत असला तरी तो तर्कच. ‘एहिपस्सिको’, ये आणि पाहा, हा शब्द आपल्या वंदनेत रोज येतो. विज्ञानातले सारे शोध धम्मात आधीच होते, असे म्हणण्याची घाई आम्हांस नाही. परंतु हा शब्द प्रयोगशाळेच्या दारावरही शोभेल, एवढे खरे.

पाहण्याची संधी १९७७ च्या फेब्रुवारीत आली. गालापागोस बेटांच्या परिसरातील एका रांगेवर जहाजातून कॅमेरा व तापमापक खाली सोडण्यात आला. एका ठिकाणी तापमान किंचित वाढल्याची नोंद झाली. सुमारे तीन हजार छायाचित्रांपैकी नेमक्या त्या वेळच्या तेरा छायाचित्रांत पांढऱ्या शिंपल्यांची गर्दी दिसली. १७ फेब्रुवारीस ‘अ‍ॅल्व्हिन’ नावाच्या लहान पाणबुडीतून कॉर्लिस स्वतः अडीच हजार मीटर खोल उतरले. बेसॉल्टच्या भेगांतून कोमट पाणी झुळझुळत वर येत होते. तर्क खरा ठरला.

मात्र ज्याची कोणी अपेक्षाच केली नव्हती, ते भोवती होते: शिंपले, खेकडे, आणि पुढच्या बुड्यांत लाल तुऱ्यांचे पुरुषभर उंचीचे नळीकृमी. गाढ अंधारात, उपाशी वाळवंट मानलेल्या तळावर ही वस्ती! मोहीम भूशास्त्राची, म्हणून जहाजावर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. नमुने टिकविण्याचे द्रव्य पुरेना, तेव्हा पनामात घेतलेली व्होडका बाटल्यांत ओतावी लागली. पंचशील पाळणाऱ्या मुलांना आम्ही ही गोष्ट सांगतो, तेव्हा वर्गात हशा पिकतो. दारूचा इतका निर्दोष उपयोग क्वचितच झाला असेल.

झऱ्याच्या पाण्याच्या बाटल्या उघडताच सडक्या अंड्याचा दर्प सुटला. तो हायड्रोजन सल्फाइडचा. आणि उत्तर त्या दर्पातच होते. नळीकृमीस तोंड नाही, आतडेही नाही. मग तो जगतो कसा? त्याच्या शरीरात गंधकाचे स्फटिक सापडतात, असे एका व्याख्यानात ऐकताच कॉलीन कॅव्हनॉ ही हार्वर्डची विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली की, त्याच्या आत गंधकावर जगणारे जिवाणू असले पाहिजेत. १९८१ साली तिने ते सिद्ध केले. हे जिवाणू सल्फाइडमधील ऊर्जेवर अन्न बनवतात आणि यजमानास पोसतात. येथे एक खुलासा हवा: या क्रियेस लागणारा पाण्यातील प्राणवायू शेवटी सूर्यप्रकाशातच निर्माण झालेला असतो. ‘सूर्याशी काहीही संबंध नसलेले जीवन’ असे सरसकट लिहिले जाते, ते पूर्णतः बरोबर नाही.

रसायनाचे गणित एवढ्यावर थांबले नाही. नद्या अखंड मॅग्नेशियम समुद्रात आणतात, तरी ते साठत नाही. ते जाते कोठे, हे जुने कोडे होते. गालापागोसच्या नमुन्यांत पाणी जितके ऊन, तितके मॅग्नेशियम कमी. आकड्यांची रेषा पुढे वाढविली तर मॅग्नेशियम शून्यावर येते आणि मूळ पाण्याचे तापमान सुमारे ३५० अंश सेल्सिअस निघते. म्हणजे तप्त दगड धातू देतो आणि मॅग्नेशियम ठेवून घेतो. १९७९ साली मेक्सिकोच्या किनाऱ्यापलीकडे काळा धूर ओकणारी दगडी धुराडी सापडली. तेथे पहिल्या तापमापकाचे टोक वितळले. दुसरा, सुधारलेला तापमापक खाली नेला तेव्हा ३५० अंश भरले. पाण्याच्या प्रचंड दाबामुळे एवढ्या तापमानासही ते उकळत नाही. धूर दिसतो ती खरे तर धातूंच्या सल्फाइडांची बारीक भुकटी असते.

आपल्या हिंदी महासागराच्या तळाशीही अशा रांगा आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आणि चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी सुमारे साडेचार हजार मीटर खोलीवरील एका जिवंत झऱ्याची छायाचित्रे मिळविली. धुराड्यांभोवती तांबे व जस्त साचते. त्यांच्या शोधासाठी भारताने २०१६ साली आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी करार केला आहे. म्हणजे कॉर्लिस यांच्या दगडातून जे हरवले होते, त्यावर आता खाणकामाची दृष्टी आहे. त्या झऱ्यांभोवती कोणकोण राहते, याची मोजदाद अद्याप पुरी व्हायची आहे.