हेरांपासून सावध (भाग ७) : यादीत नसलेला ब्राउझर

स्पायवेअर संगणकात शिरतं कसं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. त्याला अडवणारं सॉफ्टवेअर आपण बसवतो, पण आपला ब्राउझर त्याच्या यादीतच नसला तर?

पेल मूनचं उदाहरण घेऊ. २००९ मध्ये फायरफॉक्सच्या कोडवरून निघालेला हा ब्राउझर पुढे वेगळ्या वाटेनं गेला आणि २०१६ पासून ‘गोआना’ हे स्वतःचं इंजिन वापरू लागला. विंडोजवर फायरफॉक्सची प्रोफाइल ‘मोझिला’ नावाच्या फोल्डरमध्ये असते, पेल मूनची ‘मूनचाइल्ड प्रॉडक्शन्स’ या फोल्डरमध्ये.

घोळ इथेच होतो. स्पायवेअरब्लास्टरसारखं सॉफ्टवेअर सतत चालू राहून पहारा देत नाही; एकदा बंदोबस्त लावून मोकळं होतं. इंटरनेट एक्सप्लोररसाठी ते रजिस्ट्रीत घातक अॅक्टिव्हएक्स घटकांवर ‘किल बिट’ लावतं. फायरफॉक्सच्या प्रोफाइलमध्ये ‘या साइटची कुकी घेऊ नये’ अशा नोंदी करतं. पेल मून त्या फोल्डरकडे ढुंकूनही पाहत नाही. फायरफॉक्ससमोर ‘संरक्षण सुरू’ असं दिसतं आणि आपण निर्धास्त होतो.

यावर जुनी युक्ती म्हणजे परवानग्यांची ‘परमिशन्स डॉट एसक्यूलाइट’ ही फाइल एका प्रोफाइलमधून उचलून दुसरीत टाकायची. पण दोन्ही ब्राउझर आता इतके दूर गेलेत की फाइलची घडण जुळेलच असं नाही. शिवाय पेल मूनमधल्या तुमच्या स्वतःच्या नोंदी पुसल्या जातात.

त्यापेक्षा बंदोबस्त ब्राउझरच्या बाहेर हलवावा. स्पायबॉट या स्पायवेअर अडवणाऱ्या सॉफ्टवेअरची ‘इम्युनाइझ’ सोय ब्राउझरबरोबर विंडोजच्या होस्ट्स फाइलीतही नोंदी करू शकते. घातक साइटच्या नावापुढे तिथे चुकीचा पत्ता लिहिला, की विंडोजमार्फत साइट शोधणारा ब्राउझर कुठलाही असो, त्याला तोच पत्ता मिळतो.

खात्री करून घेणं सोपं आहे. नोटपॅड अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. विंडोजच्या ‘सिस्टिम३२’मधल्या ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरात ‘ईटीसी’ आहे, त्यातली होस्ट्स फाइल घ्या. तिची प्रत काढून ठेवा. शेवटी ०.०.०.० लिहून एक जागा सोडा आणि पुढे एक्झाम्पल डॉट कॉम हे नाव टाका. दोन्ही अर्थातच इंग्रजी लिपीत. फाइल सेव्ह करा आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. साइट उघडली नाही, तर बंदोबस्त लागू आहे. उघडली, तर ब्राउझर प्रॉक्सीमधून किंवा स्वतःच्या ‘सिक्युअर डीएनएस’मधून वाट काढतोय का ते सेटिंगमध्ये पाहा. तपासणी झाली की ती ओळ काढून टाका.

होस्ट्स फाइलीला मर्यादा आहेत. तिला नेमकं नाव लागतं. एका नोंदीत सगळी उपनावं अडत नाहीत आणि थेट आयपी पत्त्यावर गेलेली विनंती तिला दिसतही नाही. उतरवलेल्या फाइली तपासायला चालू अँटिव्हायरस हवाच. तो डिस्कवर आलेली फाइल पाहतो. ती कोणत्या ब्राउझरनं आणली याच्याशी त्याला घेणं नसतं.

व्हिवाल्दी किंवा ब्रेव्ह वापरणाऱ्यांचं काम हलकं आहे. दोन्ही क्रोमियमवर चालतात, त्यामुळे क्रोमच्या स्टोअरमधली बहुतेक संरक्षक एक्स्टेन्शन्स त्यांतही बसतात. मात्र ती प्रत्येक ब्राउझरमध्ये वेगळी बसवावी लागतात.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना ब्राउझरचं नाव यादीत शोधत बसू नका. ते नेमकं कुठे काम करतं हे विचारा : ब्राउझरच्या प्रोफाइलमध्ये, विंडोजमध्ये की नेटवर्कवर?

पुढील भागात : एक्स्टेन्शन बसवताना मागितल्या जाणाऱ्या परवानग्या.