वाद शाळेशी, नुकसान मुलाचे

गुहागर तालुक्यातल्या हेदवीसारख्या गावात शाळेशी पटले नाही म्हणून दुसरी शाळा शोधणे सोपे नसते. वाचन-लेखनात अडखळणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या किंवा स्वमग्न मुलाच्या बाबतीत घर आणि शाळा यांच्यात खटके उडतात. ‘तो वर्गात बसतच नाही’ ही शिक्षकांची तक्रार. ‘त्याच्याकडे कुणी पाहतच नाही’ ही आईची. दोन्हींत तथ्य असू शकते.

अशा वादांसाठी अमेरिकेत 1997 पासून प्रत्येक राज्याला मध्यस्थीची सोय ठेवावी लागते. ती ऐच्छिक असते, खर्च सरकार करते आणि बैठकीतले बोलणे गोपनीय राहते. मध्यस्थ निकाल देत नाही. दोन्ही बाजूंना तोडग्यापर्यंत नेतो. तो संबंधित शाळा-यंत्रणेचा नोकर नसावा, अशी अट आहे. आपल्याकडे विशेष शिक्षणासाठी अशी सक्तीची व्यवस्था नाही. पण रीत उचलता येते.

पहिली पायरी तपासणीची. कान, डोळे, बुद्धी आणि वाचन-लेखन यांची तपासणी झाल्याशिवाय चर्चा म्हणजे नुसती वादावादी. अध्ययन अक्षमता म्हणजे आळस नव्हे; अशा मुलाची बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली असू शकते. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत होणाऱ्या तपासणीतून मुलाला पुढील उपचारांसाठी पाठवता येते. गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांनी मुलाला काय जमते हे सांगावे. मध्यस्थ मात्र दोघांनाही मान्य असलेली तिसरी व्यक्ती असावी.

दुसरी पायरी बैठकीची. मागच्या चुका उगाळण्यापेक्षा पुढचे ठरवावे : मूल कुठल्या बाकावर बसेल, परीक्षेत किती जादा वेळ मिळेल, लेखनिक लागेल का, घरी रोज काय सराव होईल. ठरलेले कागदावर उतरवून दोघांनी सह्या कराव्यात आणि दोन-तीन महिन्यांनी फेरआढाव्याची तारीख लिहावी.

एक गोष्ट मात्र तडजोडीची नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 नुसार 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. याच कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नताही आहेत. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. प्रवेशच नाकारला तर मध्यस्थीची वाट न पाहता गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. पुढे पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडेही जाता येते. बालके, स्त्रिया आणि दिव्यांगांना तालुका विधी सेवा समितीची मदत मोफत मिळते.

मूल शाळेत जावे की नाही, हा प्रश्न कायद्याने मिटवला आहे. ते कसे शिकेल, एवढेच घर आणि शाळेने मिळून ठरवायचे असते. तो निर्णय लांबेल तितके मुलाचे शिकण्याचे दिवस वाया जातात.