भट्टीतला चुना आणि मुलांचे डोळे

पानाच्या डब्यातला चुना घरात इतका मुरलेला असतो, की त्याला कुणी रसायन म्हणत नाही. हल्ली तो छोट्या पुडीत किंवा नळीत मिळतो. मुलाच्या हाती ती लागते, मूल दाबते, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. नेत्रविभागात असे रुग्ण येतात आणि बहुधा उशिरा येतात.

या चुन्याचा मूळ दगड अगदी निरुपद्रवी. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. खडा हातात धरला तरी काही होत नाही. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला मात्र हे संयुग फुटते. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मागे उरतो कळीचा चुना. १०० किलो शुद्ध चुनखडीचा चुना होतो ५६ किलो. बाकीचे ४४ किलो वायू होऊन हवेत. शिंपले भाजूनही हाच चुना मिळतो, कारण द्रव्य तेच.

उष्णतेने दगडाचे दोन साधे पदार्थ झाले खरे, पण साधे म्हणजे सौम्य नव्हे. कळीचा चुना पाण्यासाठी हपापलेला असतो. घर रंगवण्याआधी पिंपात चुना विरवताना निघणाऱ्या वाफा जुन्या माणसांना आठवत असतील. विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, एक जोरदार अल्क. पानाला लावतात तो हाच.

आम्ल डोळ्यात गेले तर वरच्या थरातली प्रथिने गोठतात आणि आम्लाची वाट थोडीफार अडते. अल्क पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध द्रव्याचा चक्क साबण करते आणि आत शिरत राहते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पांढुरका होतो. त्याच्या कडेच्या मूळपेशी जळाल्या, तर तो पुन्हा नीट भरून येत नाही. शिवाय चुन्याचे कण वरच्या पापणीखाली चिकटून बसतात आणि तिथून अल्क झिरपतच राहते.

म्हणून गाडी शोधण्याआधी नळ उघडावा. पापण्या बोटांनी फाकवून निदान अर्धा तास स्वच्छ पाण्याची धार सोडावी, मूल कितीही रडले तरी. पाण्याने चुना आणखी तापेल ही भीती इथे गैरलागू आहे. पुडीतला चुना आधीच विरलेला असतो. (बांधकामावरची कोरडी भुकटी असेल, तर ती चेहऱ्यावरून आधी झटकावी, मग भरपूर पाणी.) आम्लाने अल्क मारावे म्हणून लिंबू पिळणे हा शुद्ध अविचार. तूप, दूध, गुलाबपाणी यांतही वेळच जातो. डोळा चोळू देऊ नये, आणि आग थांबली तरी रुग्णालय टाळू नये.

तिथे डॉक्टर पापणी उलटवून अडकलेले कण काढतात, मग डोळ्याच्या कोपऱ्याला लिटमस कागद लावून पाहतात. कागद निळा होत असेल, तर पुन्हा धुणे सुरू.