पाण्याची ऊब आणि क्रॅपीची वाट

अमेरिकेच्या टेनेसी राज्याच्या वायव्य कोपऱ्यात रीलफुट नावाचं सरोवर आहे. १८११-१२च्या हिवाळ्यात तिथे मोठे भूकंप झाले, जमीन खचली आणि जंगलाचा भाग पाण्याखाली गेला. उथळ पाण्यात सायप्रसची झाडं आजही उभी आहेत. तळाशी बुडालेले बुंधे आहेत. या बुंध्यांच्या आडोशाला क्रॅपी नावाचा मासा राहतो. वसंत उजाडताच त्याच्यासाठी इथे गळकऱ्यांच्या होड्या लागतात.

क्रॅपी हा सनफिश कुळातला, चपट्या अंगाचा, चंदेरी मासा. त्याच्या दोन जाती. काळ्या क्रॅपीच्या पाठीवरच्या पराला सात-आठ काटे आणि अंगभर विखुरलेले ठिपके. पांढऱ्याला पाच-सहा काटे आणि ठिपक्यांचे उभे पट्टे. मांस पांढरं, मऊ, गोडसर.

हा मासा शोधायचा तर तारखेपेक्षा पाण्याचं तापमान पाहावं. हिवाळ्यात क्रॅपी खोल पाण्यात थव्याने राहतो. पाणी १० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागलं की तो काठाकडे सरकतो. ही वाटचाल टप्प्याटप्प्याने होते: आधी खाडीसारख्या आत शिरलेल्या भागाच्या तोंडाशी, मग बुडालेल्या ओढ्याच्या पात्राकडेने, शेवटी उथळात. साधारण १६ ते २० अंशांना विणीचा काळ येतो. आपल्याकडे वलगणीचे मासे पहिल्या पावसाच्या लोंढ्यावर चढतात. क्रॅपीला तोच इशारा ऊब देते.

म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये आधी उत्तरेकडचे काठ पाहावेत. दक्षिणेचं ऊन त्यांच्यावर पडतं, थंड उत्तरी वारा तिथे अडतो, पाणी लवकर तापतं. मध्येच थंडीची लाट आली तर मासा पुन्हा थोडा खोल जातो. आपणही आलेल्या वाटेने मागे जाऊन त्याला शोधायचं. गढूळ पाण्यात तो उथळात सापडतो, नितळ पाण्यात जरा खोल.

आमिष म्हणून जिवंत छोटे मासे किंवा पिसांचं, रबराचं जिग नावाचं इवलंसं नकली आमिष वापरतात. क्रॅपीचे डोळे असे की त्याला वरचं भक्ष्य चटकन दिसतं. त्यामुळे आमिष थव्याच्या किंचित वरच ठेवावं; खाली गेलं तर बऱ्याचदा वायाच जातं. पाणी गार असताना ते जवळजवळ स्थिर धरावं. दोरीला लावलेलं तरंगतं बूच बुडण्याऐवजी आडवं पडलं, तर माशाने आमिष वर उचललंय असं समजावं. गळाला लागलेल्या माशाला हिसका देऊ नये. तोंडाची कातडी कागदासारखी पातळ असते, फाटते. हळू ओढून जाळीत घ्यावा. एक लागला की तिथेच थांबावं, कारण सोबतीचे जवळच असतात.

विणीच्या काळात नराचा रंग गडद होतो. तो उथळ तळ साफ करून घरटं करतो, मादी अंडी घालून जाते आणि राखण तोच करतो. तो उचलला गेला की अंडी इतर माशांच्या तोंडी जातात. किती आणि केवढे मासे न्यायचे, याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे असतात, ते पाळावेतच. पण त्यापुढे जाऊन घरट्यावरचा काळवंडलेला नर ओळखावा आणि नियमात बसत असला तरी सोडून द्यावा. ज्याला माशाची वाट कळली, त्याला एवढं पथ्य जड जाऊ नये.