नवा प्रोसेसर, जुना फोरट्रान

विदर्भाच्या हवामानाचा अंदाज नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून जाहीर होतो. त्यामागच्या आकडेमोडीचा एक मोठा भाग पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत चालतो. तेथे २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ हा महासंगणक आला आणि २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘अर्का’. २०२५ पासून ‘अर्का’वर ६ किलोमीटरच्या जाळीचे प्रारूप चालते. यंत्रे बदलली, पण असली प्रारूपे आजही मुख्यतः फोरट्रान या जुन्या संगणकभाषेतच लिहिलेली असतात. त्या कोडला नव्या प्रोसेसरची ताकद मिळवून द्यायची ती कंपायलरने, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने.

आजचे प्रोसेसर एका सूचनेत अनेक आकडे हाताळतात. एव्हीएक्स-२ या सूचनासंचाच्या २५६ बिटांच्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणीत) ६४ बिटांचे चार आकडे मावतात, एव्हीएक्स-५१२ मध्ये आठ. मात्र जीसीसी या कंपायलरला काहीच सांगितले नाही, तर इंटेल-एएमडीच्या कोणत्याही ६४ बिट प्रोसेसरवर चालेल असाच कोड तो काढतो. त्यात रजिस्टर १२८ बिटांचे, म्हणजे आकडे दोनच. ‘मार्च-नेटिव्ह’ हा पर्याय दिला की तो समोरचा प्रोसेसर ओळखतो. म्हणजे महागडे यंत्र अर्ध्या ताकदीने चालण्याला एक विसरलेला पर्यायही पुरतो.

जाळीतल्या प्रत्येक चौकटीचे तापमान एकाच सूत्राने काढायचे असेल, तर कंपायलर चार चौकटी एकदम उरकतो, आणि हे काम तो बहुतेक प्रोग्रामरांपेक्षा सफाईने करतो. ढगांच्या गणितात दर चौकटीला ‘थेंब की बर्फ?’ असे फाटे फुटू लागले की त्याची गाडी अडते. फोरट्रानची एक सोय मात्र मोलाची आहे: सबरूटीनला दिलेले आणि बदलले जाणारे अ‍ॅरे मेमरीत एकमेकांवर चढलेले नाहीत, हे तेथे नियमानेच गृहीत असते, म्हणून चौकटी एकदम घेताना कंपायलरला धोका नसतो. सी भाषेत तशी हमी ‘रिस्ट्रिक्ट’ लिहून द्यावी लागते.

बेरजेची गोष्ट वेगळी. चार-चार आकडे एकदम मिळवायचे तर क्रम बदलतो; आणि अपूर्णांकांच्या बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा अंक बदलू शकतो, म्हणून परवानगीशिवाय जीसीसी क्रमाला हात लावत नाही. असा बारीक फरकही क्षुल्लक नसतो: १९६१ मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी संगणकावरच्या प्रारूपात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरले आणि हवामानाचे सारे चित्रच पालटले. त्यामुळे नव्या यंत्रावर वेग मोजण्याआधी उत्तरे ताडून पाहावी लागतात.

मेमरीतून आकडे वेळेवर आले नाहीत, तर रुंद रजिस्टरही ताटकळते. आकडे कसे मांडायचे, हे कंपायलर सहसा ठरवत नाही. ते काम अजून प्रोग्रामरचेच आहे.