गोळी की काढा? दोघांनाही विचारायचे तेच प्रश्न

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

"सारख्या गोळ्या खाऊ नकोस रे, लिव्हर खराब होतं. त्यापेक्षा गुळवेलीचा काढा घे." हे वाक्य तुमच्याही घरात ऐकलं असेल. आजीचं चुकतं का? अर्धं बरोबर आहे. गोळीने लिव्हर खराब होऊ शकतं. पण काढ्यानेही होऊ शकतं, आणि तो भाग आपल्याला कुणी सांगत नाही.

आधी गोळी

तापावरची पॅरासिटामॉल घ्या. तिचा थोडा भाग लिव्हरमध्ये एका विषारी पदार्थात बदलतो. आपलं लिव्हर ग्लुटाथायोन वापरून त्याचा बंदोबस्त करतं. डोस फार झाला की ग्लुटाथायोन संपतं आणि ते विष लिव्हरच्या पेशी मारायला लागतं. म्हणून निरोगी मोठ्या माणसासाठी मर्यादा ठरलेली आहे: २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या. दारू पिणाऱ्यांसाठी, लिव्हरचा आजार असलेल्यांसाठी त्याहून कमी.

गंमत अशी, की सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. दोन्ही घेतल्या की नकळत डोस वाढतो. पण यावर उताराही आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन. पहिल्या ८ तासांत मिळाला तर तो सगळ्यात चांगलं काम करतो.

आता काढा

कोविडच्या काळात 'इम्युनिटी'साठी घरोघरी गुळवेल उकळली जात होती. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या डॉक्टरांना लिव्हरला इजा झालेले ६ रुग्ण दिसले. सगळे गुळवेल घेत होते. पुढे २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनेकांमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटल्यासारखी लक्षणं होती. म्हणजे जी वाढवायला काढा घेतला, तीच अंगावर आली.

आयुष मंत्रालयाने मुंबईच्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. गुळवेल सुरक्षित आहे, रुग्णांनी तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल घेतली असेल, असं त्यांचं म्हणणं. पण क्षणभर तेही खरं धरा. मग प्रश्न जास्तच अवघड होतो ना? कुंपणावरून तोडून आणलेली वेल नक्की कुठली, हे आपल्या घरात कोण ओळखणार?

गुळवेल घेणाऱ्या प्रत्येकाला त्रास होतो, असं मुळीच नाही. पण कुणाला होईल, किती घेतल्यावर होईल, हे आधी सांगता येत नाही.

मग फरक कुठे आहे?

'नैसर्गिक' आणि 'केमिकल' हा फरकच नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन एका झुडपातूनच मिळालं. त्यासाठी चीनच्या थू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं. झाडातलं औषध शोधून, मोजून, तपासून दिलं गेलं.

फरक माहितीचा आहे. गोळीचा धोका आकड्यांत लिहिलेला असतो. काढ्याचा धोका 'काही होत नाही गं' या चार शब्दांत झाकलेला असतो.

म्हणून काहीही घेण्याआधी विचारा:

- यात नक्की काय आहे? पाकिटावर घटक आणि परवाना क्रमांक आहे का?
- किती घ्यायचं आणि किती दिवस?
- चालू असलेल्या औषधांबरोबर चालेल का?
- थायरॉइड, मधुमेह, लिव्हरचा जुना आजार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारलं का?

भूक मेली, मळमळ होतेय, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर घेतलेलं थांबवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. आणि तिथे काढ्याचंही सांगा! "औषध काही चालू नाही" असं म्हणताना आपण काढा मोजतच नाही, आणि डॉक्टर कारण शोधत बसतात.

औषधाने त्रास झाला तर कळवण्यासाठी सरकारी हेल्पलाइनही आहे: १८००-१८०-३०२४.

आजीशी भांडू नका. तिच्या हातचा काढा घ्यायचा असेल तर घ्या, पण "यात काय टाकलंस, किती टाकलंस?" हे नक्की विचारा. तेवढंच गोळीलाही विचारा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!